लाल्याच्या चाकातलं तेल

आमच्या सांगली स्टेशनात एक गाडी येते, तिच्या डब्यांवर 'कोल्हापूर – गोंदिया' अशी पाटी असते. लहानपणापासून मी ती पाटी वाचत आले. कोल्हापूर आमचं घरचंच. गोंदिया म्हणजे रूळ संपतात तिथलं गाव, एवढीच माझी समजूत होती. वडिलांच्या मागे दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान माझ्याकडे आलं आणि गेली सव्वीस वर्षं मी त्यात बसून लोकांना ब्रेकच्या पट्ट्या, क्लचच्या वायरी आणि न मागितलेले सल्ले देत आले आहे. यंदा भाचीच्या हाती दुकान दिलं, माझी जुनी मोटारसायकल त्याच गाडीच्या पार्सल डब्यात चढवली आणि पाटीवरचं दुसरं नाव बघायला निघाले. दुकानातली गिऱ्हाइकं म्हणाली, "तिकडे काय आहे?" मी म्हटलं, "तेच बघायला चाललेय."

गोंदिया आणि नागरा

रेल्वेने गाडी पाठवताना टाकी रिकामी करून घेतात. त्यामुळे गोंदियातली माझी पहिली रपेट गाडी ढकलत झाली. पंपावरच्या माणसाने "कहाँ से आए दीदी?" विचारलं. मी मराठीत उत्तर दिलं, त्याने हिंदीत पुढचा प्रश्न केला, आणि दोघांचंही काही अडलं नाही. गोंदियात दोन दिवस असंच चाललं. सकाळी हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरतात, इकडे पोहे रश्श्यात पोहतात. दुसरी प्लेट मागवली तेव्हा मी मनातल्या मनात खोबऱ्याची माफी मागितली.

रोज सकाळी निघण्याआधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची माझी सवय आहे. टायर अंगठ्याने दाबून बघायचे, इंजिनातल्या तेलाची पातळी बघायची, चेन बोटाने वरखाली हलवून किती ढिली आहे ते बघायचं, ब्रेक दाबून बघायचे, दिवे लावून बघायचे. पाच मिनिटांचं काम. लॉजसमोर ते करताना चार माणसं जमली आणि एकाने मला विचारलं, "गाडी बेचना है क्या?" गाडीची एवढी काळजी माणूस विकतानाच घेतो, असा त्याचा अनुभव असावा. माझाही तोच आहे.

नागऱ्याचं महादेवाचं जुनं देऊळ बघितलं. दगड गार होता आणि आत गर्दी नव्हती. बेल विकणाऱ्या बाईने "एकटीच आल्या का?" असं विचारलं आणि मी हो म्हटल्यावर बेलाची दोन पानं जास्त दिली.

चोरखमारा

चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी मी अर्धा दिवस काढला. पाण्यापलीकडे जंगल आणि तलावाच्या खालच्या अंगाला धानाची शेतं, नजर पोचेपर्यंत. मी ऊस बघून वाढलेली बाई. ऊस माणसाला आत लपवतो. इथे धान घोट्याला लागतं आणि लांबचा माणूससुद्धा दिसत राहतो. मला ते फार आवडलं.

दुपारी पाऊस आला, आडवातिडवा. टाकीच्या झाकणातून पेट्रोलमध्ये पाणी उतरेल या भीतीने मी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा झाकणाखाली घातला आणि झाकण घट्ट दाबून लावलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिथेच डब्यातली भाकरी खाल्ली. हा तुकडा पुढे मला कुठे नेणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सौंदडच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी गोरेगावमार्गे सौंदडकडे निघाले. अर्ध्या तासात गाडीने दम तोडला. थांबले, पाच मिनिटांनी किक मारली, सुरू. वीस मिनिटांनी पुन्हा बंद. गाडी बंद पडली की तीनच गोष्टी बघायच्या असतात: पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा मिळतेय का. पेट्रोल भरपूर होतं. प्लग काढला, पुसला, ठिणगी बघितली, निळी आणि खणखणीत. हवेची जाळी काढून झटकली. तरी तिसऱ्यांदा बंद. सौंदड पाच-सहा किलोमीटरवर राहिलं होतं, आभाळ भरून आलं होतं आणि सव्वीस वर्षांचा अनुभव रस्त्याकडेला पाने पसरून बसला होता.

तेवढ्यात समोरून घुंगरांचा आवाज आला. एक लाल शंभर सीसीची गाडी, दिव्याभोवती बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, आणि वर सत्तरीच्या घरातले एक शिडशिडीत गृहस्थ. त्यांनी वीस-पंचवीस फूट आधीच दोन्ही पाय खाली सोडले आणि चपला रस्त्यावर घासत घासत माझ्यापाशी येऊन थांबले. थांबायची ही पद्धत मी मनात नोंदवून ठेवली.

"काऊन थांबल्या जी बाई?"

"गाडी चालते आणि आपोआप बंद पडते, काका. मी सगळं बघितलंय."

"सगळं पाह्यलं, मंग राह्यलं काय?" म्हणत ते उतरले. त्यांनी मला किक मारायला सांगितली. टाकीवर हात ठेवून, मान तिरपी करून ऐकत राहिले. गाडी गुदमरायला लागली तसं त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत हवा शिरल्याचा हुश्श असा आवाज झाला आणि इंजिन पुन्हा तालात आलं. बोटाच्या चिमटीत माझा प्लास्टिकचा तुकडा धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हिचा श्वास कोंडून राह्यला होता जी. हे मुसकं कोनं बांधलं?"

झाकणात हवा जायला बारीक भोक असतं. ते बंद झालं की पेट्रोल खाली उतरत नाही. हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही. मी म्हटलं, "मीच बांधलं." ते हसले नाहीत. "होते असं," म्हणाले, "मायेनं बांधलं ना." मग आभाळाकडे बघून म्हणाले, "पानी येऊन राह्यलं. चाला घरी. परवा पोळा आहे, पोळा खाऊनच जा."

त्यांचं नाव यादोराव. मी काका म्हणत होते, त्यांनी दुरुस्ती केली: "काकाजी म्हना." इकडे 'जी' लावला की नातं पुरं होतं. आमच्याकडे नुसत्या काकावर भागतं.

घर तलावाच्या पाळीखाली. तो तलाव त्यांच्या खापरपणजोबांनी गावाला बरोबर घेऊन बांधलेला. मातीची लांब पाळ, तिच्या पोटात पाणी सोडायची मोरी, तिला ते तुडूम म्हणतात. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी सोडायचं, ते गावाने यादोरावांवर सोपवलंय. पाळीवरून आणि पाटाच्या काठाने रोज त्यांची फेरी असते, लाल गाडीवरून. गाडीचं नाव लाल्या. शेवटच्या बैलाचंही तेच होतं. तो गेल्यावर घुंगरमाळ गाडीला आली.

त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी भात, लाखोरीची डाळ आणि कोचईच्या पानांच्या वड्या वाढल्या. आमच्या अळूवड्यांची ही सख्खी बहीण, पण जास्त आंबट आणि जास्त खमकी. वाढताना त्यांचं डावं मनगट नीट वळत नव्हतं. माझी नजर गेलेली त्यांनी टिपली.

"मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पडलो जी. पाळीच्या उतारावर. गाडी थांबलीच नाही. दीड महिना प्लास्टर होतं." मग भाताच्या भांड्याकडे बघत म्हणाल्या, "तवापासून मी गाडीवर बसत नाही. रुसली नाही मी. भेव वाटते."

यादोराव जेवता जेवता थांबले. "माया पायातला दम गेला जी. ब्रेक दाबतो, जोरच येत नाही. प्रमोद नागपूरले राह्यते, आमचा पोरगा. तो म्हनते, बाबा, आता बस झालं. परवा येऊन राह्यला तो. पोळा झाला का गाडी घेऊन जाते."

"आणि तुमची फेरी?"

"पाहू. पायी होते तेवढी करू." असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. अनुसयाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. त्या वाढण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

जेवण झाल्यावर मी अंगणात जाऊन लाल्याचा मागचा ब्रेक बघितला. ब्रेकची दांडी आवळायचा नट आट्याच्या पार टोकाला गेलेला होता. याचा अर्थ साधारणपणे एकच: आतल्या पट्ट्या झिजल्यात. उद्या चाक उघडू, असं ठरवून मी झोपले.

खांद शेकायचा दिवस

पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे बैलांची खांदं शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून मळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो. खांदमळणी आम्हीही करतो, पण असं तोंडी आमंत्रण मी कधी ऐकलं नव्हतं. सकाळपासून तलावाच्या घाटावर बैल धुणं चाललं होतं. आणि त्या रांगेत, गुडघाभर पाण्यात, यादोराव लाल्याला धूत होते. सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली बघून माझा जीव वरखाली झाला, पण आदल्या दिवसाचं मुसकं आठवून मी तोंड मिटून बसले.

घरी आल्यावर त्यांनी लाल्याच्या हॅन्डलला तूप-हळदीचं बोट लावलं. इथवर ठीक होतं. मग गाडी दुहेरी स्टँडवर घेतली, मागचं चाक फिरवलं, खिशातून लांब नळीची तेलाची कुपी काढली आणि नळीचं टोक चाकाच्या मधल्या फटीत खुपसलं.

"काकाजी, थांबा," मी ओसरीवरून खाली उडीच मारली. "हे काय करताय?"

"तेल देऊन राह्यलो. जवसाचं आहे, चांगलं." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते गोंधळले. "बंडीच्या चाकाले नाही देत का? वंगण नाही भेटलं त कुरकुर करते. दर अमावस्येले थोडं देतो, पोळ्याले पोटभर."

"किती वर्षं?"

"गाडी आली तवापासून."

मला एकदम सगळं दिसलं. पाना आणला, चाक सोडवलं, ब्रेकची थाळी बाहेर काढली. थाळीतून तेलाचा ओघळ माझ्या मनगटावर आला. पट्ट्या झिजलेल्या नव्हत्याच; ब्रेक लागेना म्हणून नट नुसता आवळत नेला होता. चांगल्या जाडजूड होत्या, पण काळ्या, गुळगुळीत, तेल पिऊन तट्ट फुगलेल्या. बैलगाडीचं चाक लोखंडी आखाभोवती फिरतं, तिथे वंगण हवंच. मोटारसायकलच्या चाकात त्याच जागी ब्रेक असतो. पट्टी आतून घासली तर गाडी थांबते. यादोराव त्या पट्टीला वर्षानुवर्षं तेल पाजत होते, आणि पोळ्याला पोटभर.

मी हे त्यांना सांगितलं. सांगताना जिभेवर जरा लगाम ठेवायला हवा होता, पण दुकानातली सवय. "तुमच्या पायाला काहीही झालेलं नाही. पाय ठणठणीत आहे. ब्रेक तेलात बुडालाय, मग कोणीही दाबला तरी कसा लागेल?"

त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. स्वतःच्या घरचं तेल त्यांना ओळखू आलं.

"म्हंजे माया पाय नाही गेला?"

"नाही."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग तो उजेड विझताना मला दिसला, कारण त्यांचं पुढचं गणित मांडून झालं होतं. ते उठून तसेच तेलकट हातांनी चुलीपाशी गेले. मी दारात होते, मला ऐकू आलं.

"तुयं मनगट म्याच मोडलं वो. पाय गेला नव्हता. चाकात तेल म्या टाकलं होतं."

अनुसयाबाईंनी परातीतलं पीठ बाजूला सारलं. मग नवऱ्याच्या तेलकट हातांकडे बघितलं.

"कुपी कोनं भरून देली होती?" त्या म्हणाल्या. "दर पोळ्याले म्याच भरून देली. म्हनलं, एवढं राबते बिचारा लाल्या, त्याले कमी नको पडाले."

मला तिथे उभं राहवेना. मी गाडी काढली आणि सौंदडला जाऊन नव्या पट्ट्या घेऊन आले. दुकानदाराने पुडा पुढे केला तर मी सवयीने उघडून पट्टी नखाने खरवडून बघितली. तो म्हणाला, "दुकान आहे का तुमचं?" मी हो म्हटलं. त्यावर त्याने आतल्या कपाटातला दुसरा पुडा काढून दिला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं अंगणात होतो. आतला ड्रम पेट्रोलने धुऊन कोरडा केला, पॉलिश पेपरने घासला, नव्या पट्ट्या बसवल्या, पट्ट्या उघडणाऱ्या खिळीला नखाएवढं ग्रीस लावलं, त्याहून जास्त नाही. नट असा आवळला की चाक मोकळं फिरेल आणि पायाखाली ब्रेक लगेच लागेल. पुढच्या चाकातही तेलाने घर केलं होतं, तिथेही हेच केलं. मग मी त्यांना कोरडी पडलेली चेन दाखवली. रॉकेलने धुऊन, पुसून, तिच्यावर थेंब थेंब तेल सोडायला सांगितलं. तेही जवसाचं नाही, इंजिनाचं. यादोराव उकिडवे बसून एकेका कडीला तेल देत होते.

"म्हंजे तेल द्याचं," ते म्हणाले, "पन म्या जागा चुकलो."

"एवढंच."

चेन झाल्यावर ते उभे राहिले, लाल्याच्या टाकीवर हात ठेवला आणि शेजारपाजारचे बैलांना म्हणत होते तेच हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पोळा

प्रमोद सकाळच्या बसने आला. तिशी ओलांडलेला, शांत, नागपुरात औषधांच्या दुकानात कामाला. काखेत नवं कोरं हेल्मेट होतं, गाडी नागपूरला न्यायची म्हणून आणलेलं. मला वाटलं होतं, भांडखोर मुलगा असेल. पण आत येताच त्याने आधी आईचं मनगट हातात घेऊन हळूच वळवून बघितलं, आणि माझं मत बदललं.

आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल उभे राहिले. शिंगांना रंग, कपाळाला रंगीत गोंड्यांच्या मठाट्या, पाठीवर झुली. दोन ट्रॅक्टरही फुगे बांधून आले होते. रांगेच्या शेवटी लाल्या. त्याला कोणी हसलं नाही. गावाला सवय झाली असावी.

तोरण तोडून बैल मोकळे सुटल्यावर आम्ही चौघं पाळीवर गेलो. मी प्रमोदला तेलाची हकिगत सांगितली होती. त्याने ऐकून घेतली, स्वतः गाडी उतारावरून नेली, खाली पळसाच्या झाडापाशी ब्रेक मारला. चाक जागच्या जागी थांबलं. गाडी वर आणून तो म्हणाला, "ब्रेक लागते, बाबा. पन पुढच्या साली तुमी अजून एक वर्षानं मोठे होनार. गाडी इथं असली का मले तिकडं झोप येत नाही."

त्याचं खोटं नव्हतं. 

यादोराव गाडीवर बसले. उताराला लागले, मध्यावर वेग आला, आणि मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. चपला खाली आल्या नाहीत. पळसाच्या बुंध्याशी गाडी थांबली, घुंगरं एकदाच वाजली, आणि मगच त्यांनी डावा पाय जमिनीला टेकवला. ते मागे वळून बघेनात. तसेच बसून राहिले.

अनुसयाबाई निघाल्या. लुगडं एका हाताने सावरत, वाकडं मनगट पोटाशी धरून, उतारावरून सावकाश खाली गेल्या आणि लाल्याजवळ उभ्या राहिल्या. "वर आना," त्या म्हणाल्या. "बसाचं त वरूनच बसाचं. इथून बसून काय फायदा?"

गाडी वर आली. त्या मागे बसल्या, पण हात कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. मागच्या सालापर्यंत आपसूक जात असेल, आता आठवावं लागत होतं. यादोराव वाट बघत थांबले. शेवटी त्यांनी उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

"धरलं का वो?"

"धरलं."

"थांबा," प्रमोद म्हणाला. तो पुढे झाला, काखेतलं हेल्मेट काढलं आणि आईच्या डोक्यावर घातलं. हनुवटीखालचा पट्टा लावला, एक बोट आत घालून घट्ट बसलाय का ते बघितलं. "हळू जा जी बाबा," एवढंच म्हणाला.

ते दोघं उतारावरून खाली गेले, पळसापाशी थांबले, आणि मग तसेच पुढे पाटाच्या काठाने तुडुमाकडे निघाले. धानावर हेल्मेटचा पिवळा ठिपका खूप लांबपर्यंत दिसत होता. संध्याकाळी करंज्यांचा डबा घेऊन प्रमोद बसनेच नागपूरला परत गेला.